विद्यार्थ्यांनी केलेल्या ॲनिमेशन चित्रफिती वर्गाबाहेर नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या जीवशास्त्र विभागात पदवीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी गेली काही वर्षे सत्रकार्य म्हणून दोन ते चार मिनिटांची ॲनिमेशन चित्रफीत तयार करतात. गुण मिळाले की त्यांतल्या बहुतेक चित्रफिती पेन ड्राइव्हमध्ये पडून राहतात. काही मात्र गावातल्या शाळेत, यूट्यूबवर, एखाद्या महोत्सवात किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात पोहोचतात आणि मग विभागाकडे प्रश्न येऊ लागतात. वारंवार आलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती विद्यार्थ्यांसाठी आहेत, तशीच असा उपक्रम सुरू करू पाहणाऱ्या अन्य शिक्षकांसाठीही आहेत.

वर्गात दाखवून झालेली चित्रफीत बाहेर दाखवायची, तर तिच्यात वेगळे काय करावे लागते?

वर्गात चित्रफीत कधीच एकटी नसते. तिच्या शेजारी शिक्षक उभा असतो आणि ती जिथे चुकते किंवा अडखळते, तिथे तो चटकन एक वाक्य बोलून मोकळा होतो. बाहेर गेलेल्या चित्रफितीबरोबर ते वाक्य जात नाही. हे मला ज्या प्रसंगातून कळले तो सांगतो, कारण त्यात चूक विद्यार्थ्याची कमी आणि माझी जास्त होती.

एका विद्यार्थ्याने सर्पदंशावर चांगली चित्रफीत केली होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही साप त्याने नीट ओळखू येतील असे काढले होते आणि आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष या चारही सापांच्या विषावर चालते, ही माहितीही अचूक दिली होती. पण एक मिनीट चाळीसाव्या सेकंदाला चित्रफितीतला शेतकरी दंशाच्या वर, गुडघ्याखाली, दोरी करकचून बांधतो. वर्गात मी "दोरी बांधायची नसते, हे लक्षात ठेवा," एवढे बोललो, पुढच्या चित्रफितीकडे वळलो आणि त्याला उत्तम गुण दिले. सुट्टीत तो ती चित्रफीत आपल्या गावच्या शाळेत घेऊन गेला. तिथे ती सहावी-सातवीच्या मुलांना दाखवली गेली आणि पुढच्या आठवड्यात एका मुलाने खेळता खेळता मित्राच्या पोटरीला रुमाल आवळून "साप चावल्यावर असे करायचे" म्हणून दाखवले. सुदैवाने रुमाल लगेच सुटला.

अशी आवळपट्टी बांधल्याने पायाचा रक्तपुरवठा तुटून इजा होऊ शकते आणि ती सोडल्यावर विष एकदम पसरण्याचा धोका असतो. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला शक्य तितक्या लवकर रुग्णालयात नेणे, हे खरे प्रथमोपचाराचे काम आहे. ही दुरुस्ती नऊ सेकंदांची होती. सेकंदाला बारा चित्रे या हिशेबाने १०८ चित्रे नव्याने काढावी लागली आणि त्या विद्यार्थ्याने ती कुरकुर न करता काढली.

तेव्हापासून विभागात एक पद्धत पडली आहे. बाहेर जाणारी प्रत्येक चित्रफीत आधी त्या विषयाशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीला दाखवली जाते. तिच्याशी कोणी काही बोलायचे नाही आणि शेवटी फक्त "तुम्हाला काय कळले?" एवढेच विचारायचे. कार्यालयातले शिपाईकाका आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हे आमचे सर्वांत कडक परीक्षक ठरले आहेत.

चित्रफीत कोणाच्या मालकीची असते : विद्यार्थ्याची, शिक्षकाची की महाविद्यालयाची?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी सर्वसाधारणपणे नोकरी देणाऱ्याकडे जाते. विद्यार्थी महाविद्यालयाचा नोकर नसतो, त्यामुळे त्याने काढलेली चित्रे आणि लिहिलेली संहिता केवळ ती सत्रकार्यासाठी होती म्हणून महाविद्यालयाची होत नाहीत. चित्रपटाच्या बाबतीत कायदा निर्मात्याला, म्हणजे कृती घडवण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याला, कर्ता मानतो. विद्यार्थ्यांनीच विषय निवडला, संहिता लिहिली आणि चित्रफीत पूर्ण केली असेल, तर हा पुढाकार त्यांचाच असतो. शिक्षकाने मार्गदर्शन केले म्हणून तो सहमालक होत नाही. श्रेयनामावलीत "मार्गदर्शन" या शब्दापुढे त्याचे नाव आले, तेवढे पुरे.

काही संस्थांचे बौद्धिक संपदेविषयी स्वतःचे धोरण असते आणि प्रवेशअर्जावर सही करताना आपण ते मान्य केलेले असू शकते. ते आधी वाचावे. महाविद्यालयाला हक्क हवे असतील, तर हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरतो. आमच्या अनुभवात हक्क मागण्याची गरजच पडत नाही. महाविद्यालयाला चित्रफीत दाखवण्याची आणि संकेतस्थळावर ठेवण्याची परवानगी देणारा एक पानाचा कागद पुरतो आणि मालकी विद्यार्थ्यांकडेच राहते.

आमच्या गटात चौघे होतो. तिघांना चित्रफीत यूट्यूबवर टाकायची आहे, चौथीला नको आहे. काय करावे?

टाकू नये. चौथीचे कारण विचारावे, कारण ते बहुधा सुटण्यासारखे असते. कोणाला स्वतःचा आवाज आवडत नाही, कोणाला नाव नको असते, तर कोणाच्या घरी समाजमाध्यमांवर दिसणे चालत नाही. आवाज दुसऱ्याने पुन्हा ध्वनिमुद्रित करता येतो आणि नावाऐवजी आद्याक्षर किंवा टोपणनाव देता येते. मात्र एवढे करूनही तिचा नकार कायम असेल, तर तिच्यावर दबाव आणू नये.

प्रकाशित केलेल्या चित्रफितीला जास्त गुण द्यावेत का?

नाही. गुणांचा संबंध आला की संमती खरी राहत नाही. आम्ही गुण जाहीर झाल्यावरच संमतीचा कागद पुढे करतो.

स्नेहसंमेलनात चित्रफितीमागे चित्रपटगीत वाजवले, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. मग यूट्यूबवर अडचण का यावी?

कारण कायद्याने दिलेली सवलत प्रेक्षक कोण आहे यावर ठरते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण सादर करण्याची मुभा आहे, पण तिचा प्रेक्षक संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि त्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती एवढाच असायला हवा. इंटरनेटवर चित्रफीत आली की ही मर्यादा संपते. "फक्त तीस सेकंद वापरले तर चालते" ही समजूत विद्यार्थ्यांत फार पसरलेली आहे, पण भारतीय कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही सूट लिहिलेली नाही.

यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली म्हणजे कंटेंट आयडीचा दावा. यंत्रणा गाणे ओळखते, मग जाहिरातीचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाते किंवा चित्रफीत काही ठिकाणी दिसत नाही, पण चॅनेलला सहसा धक्का लागत नाही. दुसरी म्हणजे कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हक्कधारकाच्या तक्रारीवरून चित्रफीत काढली जाऊन चॅनेलला मिळणारी ताकीद. नव्वद दिवसांत असे तीन स्ट्राइक आले तर चॅनेल बंद होऊ शकते आणि विभागाचे चॅनेल एकच असल्याने एका गटाच्या हौसेची किंमत सगळ्या तुकड्यांना मोजावी लागते.

अभंगांविषयी नेहमी विचारले जाते. तुकारामांचे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत आणि ते कोणीही म्हणू शकतो. एखाद्या गायकाने केलेले अभंगाचे ध्वनिमुद्रण मात्र प्रकाशनानंतर साठ वर्षे संरक्षित असते आणि त्याला लावलेली चाल संगीतकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे संरक्षित असते. त्यामुळे वर्गातल्याच कोणी पारंपरिक चालीत, टाळ घेऊन म्हटलेला अभंग हा उत्तम उपाय आहे, आणि खरे सांगायचे तर चित्रफितीलाही तोच जास्त शोभतो. वाद्यसंगीत हवे असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्यावे आणि ज्या तुकड्याला श्रेय देणे बंधनकारक आहे, त्याचे श्रेय वर्णनात द्यावे.

चित्रे गूगलवरून किंवा पाठ्यपुस्तकातून घेतली तर?

गूगल हे चित्रांचे दुकान नाही. ते फक्त चित्र कुठे आहे हे दाखवते आणि हक्क मूळ चित्रकाराकडेच असतात. बालभारतीच्या पुस्तकातील आकृत्यांनाही कॉपीराइट आहे. मात्र आकृतीमागची माहिती कोणाच्या मालकीची नसते. पेशीत केंद्रक असते आणि हृदयाला चार कप्पे असतात, हे सांगणारी आकृती आपण स्वतः काढली की प्रश्न मिटतो. स्वतः काढताना विद्यार्थ्याला ती आकृती खरोखर कळते, हा फायदा वेगळाच.

तयार चित्रे वापरताना आणखी एक धोका असतो. एका गटाने डीएनएचे निर्दोष चित्र घेतले, पण पात्र डावीकडे आणि डीएनए उजवीकडे हवा म्हणून ते आडवे उलटवले. सजीवांत सामान्यतः आढळणारा डीएनएचा गोफ उजव्या वळणाचा असतो. उलटवल्यावर तो डाव्या वळणाचा झाला. वर्गात ते कोणाच्याच लक्षात आले नाही, माझ्याही नाही. चित्रफीत बाहेर गेल्यावर एका निवृत्त प्राध्यापकांनी कळवले.

भारताचा नकाशा असेल तर विशेष जपावे. बाह्य सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा प्रकाशित करणे हा १९६१ च्या फौजदारी कायद्याखाली गुन्हा आहे आणि परदेशी संकेतस्थळांवरून उतरवलेल्या नकाशांत ही चूक सर्रास असते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा समोर ठेवूनच रेखाटन करावे.

आमच्याकडे ड्रॉइंग टॅबलेट नाही. मोबाइलवर केलेली चित्रफीत बाहेर दाखवण्याजोगी असते का?

नक्कीच असते. शाडूची माती, पुठ्ठा, बिया आणि एक मोबाइल एवढ्यावर केलेल्या चित्रफितींना शाळांत सर्वांत जास्त दाद मिळते, असे आम्ही पाहिले आहे, कारण त्या पाहून मुलांना "हे आपणही करू" असे वाटते. दादासाहेब फाळके यांनी पहिला कथापट करण्याआधी कुंडीतला वाटाणा उगवून वाढताना टप्प्याटप्प्याने टिपला होता आणि ती छोटी फीत दाखवून भांडवल देणाऱ्या स्नेह्याचा विश्वास मिळवला होता, ही गोष्ट मी पहिल्याच तासाला सांगतो. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवावा, कॅमेऱ्याचा फोकस आणि प्रकाशमान (एक्स्पोजर) लॉक करावे आणि खिडकीचा उजेड टाळून एकाच दिव्याखाली काम करावे. ढग आला-गेला की प्रत्येक चित्राचा उजेड बदलतो आणि चित्रफीत लुकलुकते. लुकलुक हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे दृश्य अपस्माराच्या काही रुग्णांना झटका आणू शकते, म्हणून विजांची किंवा स्फोटांची दृश्ये सौम्य ठेवावीत.

संगणकावर मराठी अक्षरे तुटतात. वर्गात समजून घेतात. बाहेर तसेच चालेल का?

चालणार नाही. "क्रिया" या शब्दाची वेलांटी "क्र"च्या पुढे जाऊन बसली किंवा "दुसऱ्या"तला अर्धा र मोडला, की प्रेक्षक मजकूर सोडून तेच पाहत बसतो. पाश्चात्त्य लिपींसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरे बसवणारी यंत्रणा आपोआप चालू होईलच असे नसते. ॲडोबीच्या आफ्टर इफेक्ट्समध्ये अक्षरांच्या सेटिंगमध्ये जाऊन ती निवडावी लागते. जिथे हाही उपाय नसेल, तिथे इंकस्केप या मोफत चित्रकाम-सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहून त्याचे चित्र करावे आणि ते चित्र चित्रफितीत आणावे.

फॉन्टचाही परवाना असतो. सायबर कॅफेतल्या संगणकावर सापडलेला फॉन्ट मोफत असतोच असे नाही. मुक्त, बलू आणि नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत आणि लांबून वाचायलाही स्पष्ट आहेत.

निवेदनासाठी स्वतःचा आवाज द्यावा की संगणकाचा?

शक्यतो स्वतःचा द्यावा. संगणकाचा मराठी आवाज आता बराच सुधारला आहे, तरी "चमचा"तला च आणि "चंद्र"तला च यांत तो अजूनही गोंधळतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच खटकते. ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओ लागत नाही. आमच्या वसतिगृहातल्या मुली रात्री अकरानंतर पंखा बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन मोबाइलवर निवेदन करतात. गोधडी खोलीतला घुमारा शोषून घेते. ज्या विद्यार्थ्याची बोली अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी आहे, त्याने आपल्या भागातल्या शाळेसाठी त्या बोलीत दुसरे निवेदन केले तर ते अधिक पोहोचते. ॲनिमेशनमध्ये ओठांची हालचाल साधी असल्याने दुसरा आवाज चढवणे अवघड जात नाही.

संगणकनिर्मित आवाज किंवा चित्रे वापरली असतील तर श्रेयनामावलीत तसे लिहावे. त्या सेवेच्या मोफत आवृत्तीत सार्वजनिक वापराला परवानगी आहे का, हेही पाहावे.

मराठी पारिभाषिक शब्द वापरावेत की इंग्रजी?

दोन्ही वापरावेत, पण पहिल्यांदा शब्द येईल तेव्हाच, आणि तोही आवाजात एक व पडद्यावर दुसरा असा. सेमी-इंग्रजी शाळेतला मुलगा "क्रोमोसोम" ओळखतो, मराठी माध्यमातली मुलगी "गुणसूत्र" ओळखते. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांत शिकणाऱ्या मुलांना तर दोन्ही शब्द एकत्र दिसले तरच उपयोग होतो.

उपशीर्षके स्वतः लिहावीत आणि त्यांची एसआरटी फाइल (उपशीर्षके आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकूर-फाइल) चित्रफितीबरोबर ठेवावी. कर्णबधिर प्रेक्षकांना ती लागतात, शिवाय बसमध्ये आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांनाही लागतात. स्वयंचलित भाषांतरावर विसंबू नये. आपली "पेशी" हिंदीत "कोशिका" होते, तर हिंदीत "पेशी" म्हणजे आपला "स्नायू", आणि हिंदी पाठ्यपुस्तकातला "स्नायु" म्हणजे आपला "अस्थिबंध". लिपी एकच असल्याने हा घोटाळा डोळ्यांना दिसत नाही आणि हिंदी उपशीर्षकांत पूर्ण शरीरशास्त्र उलटेपालटे होते.

कोणता परवाना निवडावा?

चित्रफीत दुसऱ्या कोणी वापरावी, भाषांतरित करावी असे वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना द्यावा. "बाय" म्हणजे नाव देऊन वापरा. त्याला "एसए" जोडले की बदललेली कृतीही त्याच परवान्याने द्यावी लागते, "एनसी" जोडले की व्यापारी वापर बंद होतो आणि "एनडी" जोडले की बदलच करता येत नाहीत. विद्यार्थ्यांचा कल सहसा सर्व अटी लावण्याकडे असतो, आणि आपले काम कोणी विकू नये ही भावना समजण्यासारखी आहे. पण एनडी लावल्यावर गोव्यातल्या शिक्षिकेला त्याच चित्रफितीवर कोंकणी निवेदन चढवता येत नाही, आणि एनसी किंवा एनडी लावल्यास विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाला चित्रे व चित्रफिती पुरवणारे मुक्त भांडार, ती स्वीकारत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील पाठ बाय-एसए परवान्याखाली आहेत आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. आम्हीही बाय-एसए सुचवतो.

परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, म्हणून घाईत निवडू नये. कॉमन्सवर चढवण्यासाठी फाइल एमपी४ ऐवजी वेबएम स्वरूपात करावी लागते. एकदा ती तिथे गेली की मराठी विकिपीडियावरच्या संबंधित लेखात लावता येते.

यूट्यूबवर "सार्वजनिक" ठेवावी की "अनलिस्टेड"?

प्रथम अनलिस्टेड, म्हणजे फक्त दुवा असणाऱ्यांनाच पाहता येईल अशी, ठेवावी, दुवा दहा-बारा जणांना पाठवावा आणि आठवडाभर थांबावे. त्या आठवड्यात बहुतेक चुका वर येतात. चित्रफीत लहान मुलांसाठी केली असेल तर तशी नोंद करणे आवश्यक असते. त्यानंतर तिच्यावर प्रतिक्रिया लिहिता येत नाहीत. लहान मुलांच्या चित्रफितीखाली अनोळखी लोकांच्या प्रतिक्रिया नसलेल्याच बऱ्या.

ज्या शाळेत इंटरनेट नाही, तिथे चित्रफीत कशी न्यावी?

पेन ड्राइव्हमध्ये, एच.२६४ पद्धतीच्या एमपी४ फाइलच्या रूपात न्यावी. १२८० बाय ७२० आकाराची, सेकंदाला सुमारे दीड मेगाबिट दराची तीन मिनिटांची फाइल ३४ एमबीच्या आसपास होते. ती जुन्या टीव्हीवरही चालते. व्हॉट्सॲपवर पाठवायची झाल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, कारण व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्यावी आणि दाखवताना शक्यतो स्वतः हजर राहावे.

चित्रफीत पाहणाऱ्या मुलांचे चित्रीकरण करून ते टाकता येईल का?

पालकांच्या लेखी संमतीशिवाय टाकू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. अकरावी-बारावीचे आपले स्वतःचे विद्यार्थीही यातच मोडतात, हे पुष्कळदा विसरले जाते. पाठमोऱ्या मुलांचे आणि उजळलेल्या पडद्याचे छायाचित्र अहवालाला पुरते.

महोत्सवांत पाठवावी का?

जरूर पाठवावी, पण इंटरनेटवर टाकण्याआधी नियम वाचावेत, कारण काही महोत्सव आधी सार्वजनिक झालेली कृती घेत नाहीत. मुंबईचा मिफ हा माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांसाठीच भरणारा महोत्सव आहे. २८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन असतो. १८९२ साली त्या दिवशी एमिल रेनो यांनी पॅरिसमध्ये आपली हलती चित्रे प्रथम लोकांसमोर दाखवली. त्या सुमारास महाविद्यालयात छोटे प्रदर्शन भरवणे सोयीचे जाते. महोत्सवासाठी केलेली चित्रफीत आणि शाळेसाठी केलेली चित्रफीत यांची लय वेगळी असते. एकीची कापाकापी करून दुसरी होत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

प्रकाशित झाल्यावर चूक सापडली तर?

यूट्यूबवर तोच दुवा ठेवून फाइल बदलता येत नाही. नवी आवृत्ती नव्या दुव्यावर चढवावी लागते, जुनी खाजगी करावी लागते आणि जुना दुवा जिथे जिथे दिला आहे तिथे तो बदलावा लागतो. याच कारणाने भित्तिपत्रकावर क्यूआर कोड छापताना तो यूट्यूबकडे न वळवता विभागाच्या स्वतःच्या पानाकडे वळवावा; त्या पानावरचा दुवा केव्हाही बदलता येतो, छापलेला कोड बदलता येत नाही. ब्लेंडर, क्रिता किंवा अन्य ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम केले त्याची मूळ फाइल, आवाजाचे वेगळे तुकडे आणि फॉन्ट विभागाच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवावेत, कारण दुरुस्तीची वेळ येते तेव्हा विद्यार्थी पदवी घेऊन गेलेला असतो आणि त्याच्या लॅपटॉपची विंडोज दोनदा नव्याने टाकून झालेली असते. प्रत्येक आवृत्तीच्या शेवटच्या पाटीवर महिना आणि वर्ष लिहावे.

पेन ड्राइव्हने गेलेल्या प्रतींसाठी यांपैकी कोणताच उपाय चालत नाही. सर्पदंशाच्या चित्रफितीची दुरुस्त आवृत्ती तयार झाल्यावर आम्ही शाळेला फोन केला, नवी फाइल पाठवली आणि जुनी काढून टाकण्याची विनंती केली. महिन्याभराने तो विद्यार्थी आणि मी तिथे गेलो, तेव्हा टीव्हीच्या मागे तोच पेन ड्राइव्ह लावलेला होता आणि त्यात दोन्ही फाइली शेजारी शेजारी होत्या. जुनी त्याने स्वतःच्या हाताने पुसली.